निळ्या पाळण्याचा तोल

जत्रेत रहाटपाळण्यात बसून आलेला माणूस गावभर सांगत सुटतो की रहाट असा आणि रहाट तसा. खरं म्हणजे पोटात उठलेल्या गोळ्यापलीकडे त्याला काडीचंही कळलेलं नसतं. रहाट कळतो तो खाली उभ्या असलेल्या माणसाला, आणि त्याला कुणी विचारत नाही. वरवे बुद्रुकच्या अंजनाला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तिचा नवरा जगन आठ पाळण्यांचा लाकडी रहाट फिरवायचा आणि अंजना त्याचा तोल लावायची. वेल्हे, नसरापूर, भोंगवली, जिथे जत्रा तिथे हे दोघं, रहाट मोडून बैलगाडीत घालून हजर असायचे.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात, भोंगवलीच्या जत्रेत, पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. सरोजबाई भोरच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी त्या अकरावीच्या सात-आठ मुली घेऊन एसटीने जत्रेला आल्या होत्या. दुपारची वेळ, ऊन तापलेलं, गिऱ्हाईक झाडाखाली पांगलेलं. बाई रहाटाच्या सावलीला आल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, “अंजनाबाई, लोकांना माहीत नाही असं काहीतरी सांगा की तुमच्या या रहाटाबद्दल.”

अंजना आधी लाजली आणि मग अशी खुलली की बाईंची पेन्सिल मागे पडायला लागली.

“ही मधली आस बगा. ही उसाच्या चरकाची हाय. वरव्यातलं गुऱ्हाळ मोडलं तवा आणली. ऊन तापलं की अजून गूळ शिजल्यावानी वास येतो तिला. आन हा किर्र किर्र आवाज ऐकला? लोकांस्नी वाटतं, तेल द्यायला इसरलो. न्हाई बाई. एका अंगाला तेल देतो, दुसऱ्या अंगाला मुद्दाम देत न्हाई. एक साल दोन्हीकडं दिलं, तर पोरं म्हनाली ह्या रहाटात दम न्हाई, आन गेली लाकडी घोड्यांच्या चक्रीकडं. भ्या वाटल्याबिगर मज्जा येत न्हाई मानसाला.”

“आणि अगदी वर गेल्यावर रहाट क्षणभर थांबतो, तो देखावा बघायला ना?” एका मुलीने विचारलं.

“देखावा कशाचा! आमचं मालक तवा हात बदलत्यात.”

मुली खो खो हसल्या. पण ते खरं होतं. यंत्र नाही, बैल नाही. जगन चाकाच्या आऱ्यांवर पाय देत माकडासारखा वर चढायचा, अंगाचा भार टाकायचा आणि त्याच आऱ्याबरोबर खाली यायचा. असा दिवसभर. म्हणून तर तोल महत्त्वाचा. समोरासमोरच्या पाळण्यांत दोन मुलांचं जरी कमीजास्त झालं तरी चाक हिसका देई, आणि एकदा त्या हिसक्याने जगनचा खांदा निखळला होता. म्हणून अंजना माणूस रांगेत असतानाच नजरेने जोखायची. तिचं माप म्हणजे वाळूच्या थैल्या. नवी किलोची मापं निघाली त्या साली तिने खाकी कापडाच्या वीस थैल्या शिवल्या होत्या आणि वाण्याकडून पाच-पाच किलो तोलून भरून घेतल्या होत्या. तेव्हापासून तिच्या लेखी जगात माणसं नव्हतीच, थैल्या होत्या. एखादी सून दहा थैल्यांची, तिची सासू चौदा थैल्यांची. एका गावच्या सरपंचांना तिने तोंडावर सांगितलं होतं की तुमी विसाच्या वर, तुमच्यासाठी मला गाव उचलावं लागंल.

“हिरव्या पाळण्याचं गुपित सांगू का?” अंजना पदर तोंडाला लावून म्हणाली. “त्याची फळी मधी दबली हाय. दोघं दोन कडंला बसली तरी घसरून एकाजागी येत्यात. म्हून नवीन लगीन झालेली जोडी आली की म्या त्यांना हिरवाच देते. लाजत्यात, पर उतरत न्हाईत.”

हे वहीत लिहावं की नाही या विचारात बाई थांबल्या. मग त्यांनी मान वर केली. “आणि हा निळा? सकाळपासून बघतेय, यात तुम्ही कुणालाच बसवत नाही.”

अंजनाचा चेहरा मिटला. “त्याचं लाकूड वाकडं हाय.”

“मग समोरच्या तांबड्यात थैल्या कशाला ठेवल्यात?”

“तोलाला.”

“किती?”

“आठ.”

सरोजबाई पडल्या शास्त्राच्या. “आठ पंचे चाळीस. अहो, लाकूड कितीही वाकडं असलं तरी पाळणा चाळीस किलोने कसा जड होईल?” त्यांनी हसून शेजारच्या दोन वेण्या घातलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. “ही आमची कुंदा बरोब्बर चाळीस किलोची आहे. मागच्याच आठवड्यात शाळेत वजनं झाली. म्हणजे तुमच्या निळ्या पाळण्यात अकरावीतली एक मुलगी बसली आहे म्हणा की!”

मुली हसल्या. अंजना हसली नाही. ती कुंदाकडे बघत राहिली. तिच्या उंचीकडे, मनगटांकडे, कपाळावर चिकटलेल्या केसांकडे.

“कितवं वरीस?” तिने विचारलं.

“सतरावं लागलंय.”

अंजना होती तिथेच मातीत बसली. बाईंना वाटलं उन्हाचं झालं असेल, त्यांनी पाणी आणवलं. आऱ्यावर बसलेल्या जगनने हे सगळं ऐकलं होतं. तो खाली उतरला नाही.

फुला असती तर तिलाही सतरावंच लागलं असतं.

बासष्ट सालची गोष्ट. वेल्ह्याच्या जत्रेत गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. पाचवं लागलेली फुला आईबापाबरोबर जत्रेला यायची, आणि तिची जागा ठरलेली असायची, निळा पाळणा. त्यात गोधडी टाकायची, पोरीला निजवायचं, समोरच्या पाळण्यात एक-दोन लहान पोरं बसवायची आणि दिवसभर फिरवायचं. फुलाला तो आपला घरचाच पाळणा वाटे. त्या दिवशी ती सकाळपासून गप्प होती. “गुणाची पोर, कुरकुर म्हणून करत नाही,” असं अंजना शेजारच्या बांगडीवालीला कौतुकाने म्हणालीसुद्धा. रात पडायच्या आत गर्दी ओसरली, तिने पोरीला उचलायला हात घातला आणि हात भाजला. मान सुजली होती. घटसर्प. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने भोरच्या दवाखान्यात नेली, तिथे तिचं वजन झालं, पंधरा किलो, सुई झाली, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तापाने फणफणलेली पोर त्यांच्या डोक्यावरून गोल गोल फिरत होती, आणि दोघांपैकी एकानेही आत डोकावलं नव्हतं. या एका गोष्टीबद्दल दोघं नवरा-बायको पुढची बारा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढच्या महाशिवरात्रीला नसरापूरजवळ त्यांनी पुन्हा रहाट उभा केला. रिकामा रहाट नीट बसला की नाही ते बघायची एक सोपी रीत आहे. चाक हाताने थोडं फिरवायचं आणि सोडून द्यायचं. सोडलं तिथे ते उभं राहिलं पाहिजे. त्या सकाळी ते राहिलं नाही. निळा पाळणा वर होता, तो सावकाश, कुणाला धक्का लागू नये अशा बेताने, खाली खाली आला आणि अंजनाच्या समोर येऊन थांबला. जगनने पुन्हा फिरवला. पुन्हा तो तिच्याच समोर. तिसऱ्यांदाही तेच झालं. अंजनाने न बोलता समोरच्या तांबड्या पाळण्यात एक थैली टाकली. मग दुसरी. तिसरी टाकली तेव्हा चाक उभं राहिलं. तीन पंचे पंधरा.

“लाकडानं पानी धरलंय,” जगन म्हणाला.

त्याने वरव्याचे रखमाजी सुतार आणले. रखमाजींनी निळा पाळणा लोखंडी आकड्यांवरून काढला, वाण्याच्या काट्यावर घातला आणि बाकीच्या सातांशी ताडून पाहिला. पावशेराचाही फरक नव्हता. पुन्हा चाकाला टांगला, तर पाळणा आपला खाली आला. रखमाजींनी आकडे बदलून पाहिले, जागा बदलून पाहिली. वजन पाळण्याबरोबर गेलं. मग त्यांनी हत्यारं गोळा केली, चहा न घेता उठले, आणि तेव्हापासून जगनच्या घरावरून जायची वेळ आली की ते ओढ्याकडच्या वाटेने जात.

जगनने एकदाच, वर्षभराने, गर्दीचा रेटा आला म्हणून निळ्या पाळण्यात दोन पोरं बसवली. पोरं चढली, क्षणभर उभी राहिली आणि उतरली. का रे, म्हणून विचारलं तर थोरला म्हणाला, “आत जागा न्हाई.” पोरांना पाय मोकळे सोडता येतील एवढा तो पाळणा रिकामा होता. त्यानंतर जगनने पुन्हा कुणाला त्यात बसवलं नाही. बाकीचे पाळणेवाले मात्र टिंगल करत, आठांतला एक रिकामा फिरवणारा हा शहाणा कुठला, म्हणत.

वर्षं जात राहिली तशा थैल्या वाढत गेल्या. पासष्ट साली चार झाल्या. सदुसष्टला पाच. एकोणसत्तरला सहा, एकाहत्तरला सात. बाहत्तरच्या दुष्काळानंतर, जेव्हा माणसं खडी फोडायला जात होती, रेशनची लाल मिलो ज्वारी खात होती आणि अंजनाच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या, त्या वर्षी निळ्याला सहाच थैल्या लागल्या. अंजना त्या रात्री खूप रडली. आपण जेवलो नाही ते सोसलं होतं तिला, पण पोरही उपाशी राहिली हे सोसवलं नाही. जगन म्हणाला, दुष्काळात लाकूड वाळलं. या वर्षी पाऊस बरा झाला होता, घरात ज्वारी होती, आणि थैल्या आठ झाल्या होत्या.

गावातल्या बायका सांगत, देवऋषाकडे जा, उतारा काढ. अंजना मान हलवायची. छप्पन सालानंतर त्यांच्या वाडीने घरातले देव नदीत सोडले होते, पंचशील घेतलं होतं. अंगारे-धुपारे त्यांच्यात चालत नव्हते, आणि अंजनाला ते नकोही होते. आत्मा नावाचं काही नसतं असं भंते सांगून गेले होते, आणि तिला ते पटलंही होतं. भूत म्हणावं तर तिच्या डोक्यात ते बसत नव्हतं, आणि लाकूड म्हणावं तर हाताला ते खरं वाटत नव्हतं. म्हणून ती काहीच म्हणत नसे. फक्त थैल्या मोजायची.

सरोजबाई आल्या तो जत्रेचा शेवटचा दिवस होता. तो मावळला. पालं उतरायला लागली, भेळवाल्यांनी चुली विझवल्या. जगन भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, “सकाळच्याला कुंडलिक येनार हाय. कापूरव्होळचा, वखारवाला. ट्रक घिऊन.”

“कशाला?”

“रहाट न्यायला.”

अंजनाने घास परत ताटात ठेवला.

“यंदा येल्ह्याला लोखंडी पाळना आला व्हता. इंजनावर फिरतो, दिवे लागत्यात. त्याच्या म्होरं रांग, आन आपल्याकडं कुत्रं फिरकंना. खांदा तर ह्यो असा. कापूरव्होळला गॅरेजात काम देतो म्हनलाय एक जन. म्या व्हय म्हनलो.”

“आन रहाट?”

“फळ्या निगतील त्या निगतील. बाकीचं जळान.”

“निळा बी?”

जगनने ताट बाजूला सारलं. “निळ्यापायीच करतोय! नाकापरीस मोती जड झालाय. बारा वर्सं झाली, तू घरात आसतीस व्हय? जेवताना तिकडं ध्यान, निजताना तिकडं ध्यान. आज ती मास्तरीन काय बोलली आन तू मातीत बसलीस. म्या समदं बगितलं.”

“ती चाळीस किलो म्हनली.”

“चाळीस तू केलंस!” तो ओरडला. “पयल्या साली तीन थैल्या लागल्या, ते खरं. म्या बगितलंय, सुतारानं बगितलंय. लाकडाचा दोष आसंल, काय बी आसंल. आजबी तीनच लागत आसतील. वरच्या पाच तू टाकतीस. पोर मोठी व्हतीय आसं तुला वाटतं म्हून टाकतीस. तोल तुजाच, मोजनारी बी तूच. म्या तर वर आऱ्यावर आसतो. मला तू जे लावून देतीस ते म्या फिरवतो, आन माजा खांदा मोडतो तो त्याच्यापायी.”

हा आरोप अंजनाने कधी ऐकला नव्हता, आणि वाईट हे की तो तिला अगदीच खोटा वाटला नाही. खरंच आपण टाकत असू का? हाताला आठ म्हणून सवय झाली आणि हात टाकत गेले? तसं असेल तर बारा वर्षं या जत्रांच्या मैदानांत आपण एकटीच होतो. निळ्यात कुणी असेल याची भीती तिला कधीच वाटली नव्हती. कुणी नसेल याची भीती आज पहिल्यांदा वाटली.

“सकाळी एकदा तुमी तोल लावा,” ती म्हणाली. “म्या हात लावत न्हाई. म्या निळ्यात बसते.”

“तू?”

“व्हय. माजं वजन करा आदी. त्याच्यावर तीन लागल्या तर माज्या हातानं आकडं काडून देते. परत नाव काडनार न्हाई.”

“आन जास्त लागल्या तर?” जगनच्या तोंडून निघून गेलं. मग तोच म्हणाला, “लागायच्या न्हाईत.”

कुंडलिक सकाळी उन्हं वर आल्यावर आला. गोल पोटाचा, बोलका माणूस. ट्रकमध्ये वखारीचा काटा होताच, कारण जळण तो तोलूनच घ्यायचा. तीन बांबू उभे करून त्याने काटा टांगला आणि काय भानगड आहे ते कळल्यावर त्याला गंमत वाटली. “वैनी, लाकडाच्या काट्यावर मानूस पयल्यांदाच चढतंय,” म्हणाला. अंजना फळीवर बसली. पंचेचाळीस किलो.

“नऊ थैल्या,” जगन म्हणाला. “नऊ आन तीन, बारा. कुंडलिकराव, तुमी साक्षी.”

जत्रेचं मैदान रिकामं होतं. पत्रावळी आणि कागद वाऱ्यावर लोळत होते, लांबवर एक कुत्रं हाडूक शोधत होतं. भर उजेडातही ती जागा अशी दिसत होती की तिथे काल हजार माणसं होती हे सांगून पटलं नसतं. तांबड्यातल्या थैल्या जगनने काढून ठेवल्या होत्या. निळा पाळणा खाली येऊन थांबला होता, त्याला आणावं लागलं नाही. अंजना त्याच्यासमोर उभी राहिली. बारा वर्षांत तिने तो पुसला होता, रंगवला होता, पण त्यात पाय ठेवला नव्हता. ती चढली आणि फळीच्या कडेला अंग चोरून बसली. मध्ये बसावं असं तिच्या मनातही आलं नाही.

जगनने चाक ओढलं. फार जोर लावावा लागला त्याला. निळा वर वर गेला आणि तांबडा खाली आला. टोकाच्या जरा अलीकडे त्याने चाक थांबवलं आणि तांबड्याला दोर बांधून तो खांबाशी आवळला. आता अंजनाला तो दिसत नव्हता. दिसत होती ती उन्हात पडलेली भोंगवलीची रानं, गावातले पत्रे, आणि कापूरहोळकडे जाणारी सडक. खालून फक्त आवाज येत होता.

“एक. दोन. तीन.” थैल्या तांबड्यात धप्पकन पडत होत्या. जगन त्या फेकत होता. नऊपर्यंत तो सरळ मोजत गेला. मग दहा, अकरा. “आन ह्यो बारा,” तो मोठ्यांदा म्हणाला. “सोडतो दोर.”

दोर सैल झाला. अंजनाने डोळे मिटले. चाक हललं, आणि निळा पाळणा खाली जायला लागला.

“आरं, आरं,” कुंडलिकचा आवाज आला. “तांबडं वर निगालं की!”

जगनने दोर ओढून पुन्हा आवळला. तो काहीतरी पुटपुटला. मग थैलीची गाठ सोडल्याचा आणि वाळू हातावर ओतून घेतल्याचा आवाज आला. वाळूच होती. त्याने गाठ मारली.

“तेरा.”

दोर सैल झाला. निळा पुन्हा खाली सरकला. दोर आवळला गेला.

“चौदा.”

आता तो ओरडत नव्हता. थैल्या फेकतही नव्हता. अंजनाला वर बसल्या बसल्या ऐकू येत होतं, तो एकेक थैली उचलून दोन्ही हातांनी पाळण्यात ठेवत होता. वारा पडला होता, तरी पाळण्याची फळी दुसऱ्या कडेला किंचित कलती होती, अंजनाच्या कडेला नव्हे. तिने तिकडे बघितलं नाही. बघितलं आणि काही दिसलं नाही तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

“पंधरा,” जगन म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सोळा.” सोळाला दोर सोडल्यावर चाक एवढं सावकाश हललं की हललं की नाही हे तिला रानाच्या बांधावरून ताडावं लागलं. हललं होतं.

सतरा तो बोललाच नाही. थैली ठेवल्याचा आवाज तेवढा आला, निजलेल्या लेकराला कूस बदलून ठेवावं तसा. दोर सुटला. रहाट उभा राहिला. अंजनाने शंभरपर्यंत आकडे मोजले, रहाट तसाच उभा होता.

शेवटी खालून कुंडलिकच म्हणाला, “जगनभाऊ, उतरवायला घ्यायचं का मग? ट्रक उबा हाय.”

“ट्रक घिऊन जावा.”

“आवो, पर आपलं ठरलंय...”

“जावा म्हनलं ना.”

कुंडलिकने वाद घातला नाही. त्याने काटासुद्धा नीट बांधला नाही, बांबू तसेच ट्रकमध्ये टाकले. ट्रकची धूळ सडकेला लागली, दिसेनाशी झाली. मग अंजनाला जगनचं रडणं ऐकू आलं. बारा वर्षांत तो रडला नव्हता, दवाखान्यात नाही, मातीला नाही, आणि आता तो एखाद्या पोराने हुंदके द्यावेत तसा रडत होता. अंजनाही रडत होती. तिला दुःख होत होतं की बरं वाटत होतं, हे तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की आता ही गोष्ट आपल्या एकटीची राहिली नाही.

रडणं थांबलं. आऱ्यावर पाय ठेवल्याची करकर झाली. जगन चढत होता, थांबून थांबून, दुखरा खांदा सांभाळत. तो तिच्या पायांच्या खाली कुठेतरी येऊन थांबला, आणि पोरीचं नाव घेतल्यासारख्या हळू आवाजात म्हणाला,

“नीट धरून बस तिला. फिरवतोय.”